रोग्याच्या वर्षांचा हिशेब कोणी करावा?

हल्ली आजाऱ्याच्या समाचाराला गेले की एक आकडा हमखास कानावर येतो. ‘पंपिंग ३० टक्के आहे,’ असे घरची मंडळी हलक्या आवाजात सांगतात आणि ऐकणारा गंभीरपणे मान हलवतो. दोघांच्याही मनात एकच वजाबाकी चाललेली असते. शंभरातले सत्तर गेले, तीस उरले. म्हणजे माणूस जवळजवळ गेलाच. पुढचा प्रश्न उघडपणे कोणी विचारीत नाही, परंतु तो त्या खोलीत असतोच: आता किती दिवस?

या प्रश्नाचा विचार या पानांतून व्हावा असे आम्हांला पुष्कळ दिवस वाटत होते. प्रश्न दिसतो वैद्यकाचा. पण तो कोणी विचारावा, उत्तर रोग्याला सांगावे की त्याच्यापासून लपवावे, आणि ते ऐकल्यावर आपण त्या माणसाशी कसे वागावे, हे सगळे नीतीचे प्रश्न आहेत. ते डॉक्टरांच्या गळ्यात घालून आपल्याला मोकळे होता येत नाही. आम्ही डॉक्टर नव्हे, तेव्हा औषधपाण्याच्या बाबतीत कोणी आमचे ऐकू नये. तरीपण रोग काय आहे हे थोडे तरी समजल्यावाचून त्यातील नीतीचा विचार हवेतच राहतो, म्हणून आधी तेवढे सांगतो.

हृदय म्हणजे एक स्नायू. हार्ट ॲटॅकमध्ये या स्नायूला रक्त पुरवणारी नळी बंद पडते. झडपेच्या दुखण्यात आतला दरवाजा बिघडतो. परंतु कित्येकदा नळ्या ठीक असतात, झडपाही ठीक असतात आणि स्नायूच आजारी असतो. या दुखण्याला डॉक्टर कार्डिओमायोपॅथी म्हणतात. एका प्रकारात हृदय फुगते, त्याच्या भिंती ताणल्या जातात आणि आकुंचनाचा जोर कमी होतो. दुसऱ्या प्रकारात उलट, साधारण एक सेंटिमीटर जाडीची भिंत दीड सेंटिमीटर किंवा त्याहून जाड होते. तिसऱ्यात ती ताठर होते. कारणे नाना प्रकारची आहेत: वंशपरंपरा, विषाणूचा ताप, वर्षानुवर्षांची दारू, कर्करोगावरची काही औषधे, बाळंतपण, आणि पुष्कळांच्या बाबतीत कारण सापडतच नाही.

आता त्या पंपिंगविषयी. हृदयाचा डावा कप्पा प्रत्येक ठोक्याला आपल्यातील रक्ताचा जेवढा भाग बाहेर ढकलतो त्याचे ते प्रमाण आहे. धडधाकट माणसाच्या हृदयातही ते शंभर नसते. ५५ ते ७० असते. तेव्हा ३० म्हणजे नेहमीच्या निम्मे, ‘सत्तर गेले’ असे नव्हे. शिवाय भिंत जाड होण्याच्या प्रकारात हा आकडा चांगला येऊनही रोग असू शकतो. आणि हा आकडा म्हणजे काही जन्माची खूण नव्हे. औषधाने तो वाढतो, हयगयीने घटतो. एकच आकडा असलेली दोन माणसे सारखीच वर्षे जगत नाहीत. एवढी साधी गोष्ट माहीत नसल्यामुळे कित्येक घरांत जिवंत माणसाभोवती सुतकी कळा येते, हे आम्ही पाहिले आहे.

आकड्यांनाही चरित्र असते, आणि ते तपासण्यासारखे असते. भिंत जाड होण्याच्या दुखण्याचेच घ्या. १९५८ साली लंडनचे शवचिकित्सक डोनाल्ड टिअर यांनी आठ तरुण माणसांच्या हृदयांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांतील बहुतेक अकस्मात मरण पावली होती. आधुनिक वैद्यकाला या रोगाची नीट ओळख झाली ती अशी, शवागारातील टेबलावर. पुढे अमेरिकेतील आणि इंग्लंडमधील दोन-चार मोठ्या संस्थांनी असे रोगी गोळा करून त्यांचा अभ्यास केला. तेथे पाठवले जाणारे रोगी कोण? जे फारच आजारी होते, किंवा ज्यांच्या घरात एकामागून एक अकस्मात मृत्यू घडले होते. त्यांच्या नोंदींवरून निघाले की या रोगाने वर्षाला शंभरांतील तीन ते सहा माणसे दगावतात. हाच आकडा पाठ्यपुस्तकांत गेला आणि वर्षानुवर्षे तेथेच राहिला.

पुढे गावोगावच्या साध्या दवाखान्यांतील रोगी मोजले गेले तेव्हा हे प्रमाण शंभरांत एकाच्या आसपास आले. १९९५ साली अमेरिकेतील सर्वसाधारण तरुण लोकांची तपासणी झाली तेव्हा कळले की पाचशेंत एकाला ही जाड भिंत असते, आणि त्यांतील बहुतेकांना तिचा पत्ताही नसतो. आजच्या उपचारांनी वर्षाचे मृत्युमान शंभरांत अर्धा, म्हणजे दोनशेंत एक, येथवर उतरले आहे. वाचकांनी स्वतः कागदावर मांडून पाहावे. वर्षाला चार गेले तर दहा वर्षांत शंभरांपैकी सुमारे तेहतीस जातात. एक गेला तर नऊ-दहा. अर्ध्याच्या हिशेबाने पाच. रोग तोच. फरक पडला तो काही अंशी औषधाने, आणि काही अंशी केवळ यामुळे की पूर्वी जे मेले किंवा मरणाच्या दारात होते तेवढेच मोजले गेले होते. ज्या मुलांच्या तक्रारी मुख्याध्यापकांकडे गेल्या तेवढ्यांवरून सगळ्या वर्गाची परीक्षा करावी, तसे हे झाले. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना हे जास्त फोड करून सांगायला नको.

यावरून धोका काहीच नाही असे कोणी समजू नये. काही रोग्यांना अकस्मात मृत्यूचे भय खरेच असते, आणि अशांसाठी छातीत बसवायचे यंत्र निघाले आहे. ठोके बेताल झाले की ते आतल्या आत विजेचा झटका देऊन त्यांना ताळ्यावर आणते. अमेरिकेत मिरोव्स्की नावाच्या डॉक्टरांच्या खटपटीतून ते १९८० साली प्रथम माणसाच्या शरीरात बसवले गेले. जाड भिंतीचा अडथळा कापून काढण्याची शस्त्रक्रिया ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते शल्यचिकित्सक अँड्र्यू मॉरो स्वतःच या रोगाचे रोगी होते आणि १९८२ साली त्याच रोगाने गेले. इतरांच्या हृदयावर सुरी चालवताना त्यांच्या मनात काय येत असेल, असा विचार आम्ही पुष्कळदा केला आहे. माणूस आपला आकडा पूर्ण जाणूनही हातातले काम करीत राहू शकतो, एवढे मात्र त्यांच्याकडे पाहून कळते.

हृदय फुगण्याच्या प्रकाराचीही हकिकत अशीच आहे. जुन्या पुस्तकांत लिहिलेले असे की निदान झाल्यापासून पाच वर्षांत निम्मे रोगी जातात. १९७५ साली स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे फिन वागस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा सात रोग्यांना बीटा-ब्लॉकर जातीचे, म्हणजे हृदयाचा वेग आवरणारे औषध दिले. थकलेल्या घोड्याचा लगाम आणखी ओढावा तसा हा प्रकार त्या वेळच्या डॉक्टरांना वाटला, कारण कमजोर हृदयाला हे औषध देऊच नये अशी सर्वमान्य शिकवण होती. रोगी सुधारले. तरी मोठ्या चाचण्या होऊन हे औषध सर्वत्र मान्य व्हायला १९९९ साल उजाडले. दरम्यान १९८७ साली उत्तर युरोपातील एका चाचणीत एनालाप्रिल या गोळीने अतिशय आजारी रोग्यांचेही आयुष्य वाढते असे दिसून आले होते. त्यानंतर आणखी औषधे आली. १९७० साली खरा असलेला आकडा आज आजोबांच्या घड्याळासारखा आहे. भिंतीवर शोभतो, पण त्यावर गाडी पकडायला जाऊ नये.

येथे एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. आकडा सुधारला तो औषध घेणाऱ्यांचा. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात २०१३ साली हृदय कमजोर होऊन दवाखान्यांत दाखल झालेल्या सुमारे बाराशे रोग्यांची नोंद ठेवली गेली. त्यांत सर्व कारणांनी हृदय थकलेले रोगी होते, केवळ स्नायुविकाराचे नव्हते. त्यांतील जवळजवळ तिसरा हिस्सा वर्षाच्या आत वारला. ज्या औषधांची शिफारस पुस्तकांत आहे ती सगळी मिळणारे रोगी चौथाईच्या आसपास होते, आणि ज्यांना ती मिळाली त्यांची गत बरी होती. हे वाचून आमच्या मनात आले की ‘किती दिवस?’ या प्रश्नाचे उत्तर काही अंशी गोळ्यांच्या किमतीवर आणि मोटारीच्या भाड्यावर अवलंबून आहे. सीमाभागातील एखाद्या खेड्यातून बेळगावला दर महिन्याला तपासणीला येणे, एक दिवसाची मजुरी बुडवणे, आणि परत जाताना केमिस्टाकडे अर्ध्याच गोळ्या घेणे, हे आपल्या मंडळ्यांत कितीतरी जण करतात. त्यांच्यासाठी रविवारी प्रार्थना होते ती योग्यच आहे. गोळ्यांच्या चिठ्ठीचे काय झाले, ही विचारपूस मात्र क्वचित होते. मंडळीच्या मदतनिधीतून पियानोची दुरुस्ती निघते. चार माणसांची महिन्याची औषधे निघणार नाहीत असे आम्हांला वाटत नाही. एखाद्याच्या पुढील वर्षांचा अंदाज करण्यापेक्षा त्यात भर घालणे अशा रीतीने शक्य असेल, तर आपले काम तेथे आहे.

आता साक्षीविषयी, कारण हा विषय टाळणे सोपे असले तरी बरोबर नव्हे. औषध चालू असता रोगी सुधारतो. पंपिंग ३० वरून ५५ वर जाते. सभेत साक्ष दिली जाते, आणि ती द्यावी. अडचण पुढे येते. कोणीतरी म्हणते, आता गोळ्या कशाला, तो अविश्वास होईल. लंडनच्या डॉक्टरांनी याच गोष्टीची परीक्षा करून तिचा निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध केला. हृदय फुगण्याच्या दुखण्यातून पूर्णपणे सुधारलेले, काही त्रास नसलेले ५१ रोगी त्यांनी घेतले आणि अतिशय काळजीपूर्वक देखरेख ठेवून त्यांची औषधे हळूहळू बंद केली. सहा महिन्यांत सुमारे ४० टक्क्यांचा रोग उलटला. म्हणजे हृदय बरे दिसत होते ते गोळ्यांच्या आधारावर बरे होते. देव बरे करतो हे कबूल करणाऱ्याने त्याची साधने लाथाडावीत असे पवित्र शास्त्रात आम्हांला कोठे आढळले नाही. हिज्कीया राजाला देवाने बरे केले तेव्हाही यशया संदेष्ट्याने गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितलेच होते. २ राजे, अध्याय २० पुन्हा उघडून पाहावा.

तो अध्याय आपल्या प्रश्नासाठी आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. आपल्या आयुष्याची उरलेली वर्षे नेमकी ठाऊक असलेला मनुष्य शास्त्रात जवळजवळ हा एकच. संदेष्टा आधी त्याला तोंडावर सांगतो की हे दुखणे शेवटचे आहे आणि घराची निरवानिरव करून ठेव. हे तो राणीला बाजूला घेऊन सांगत नाही, की दिवाणाच्या कानात सांगत नाही. राजा भिंतीकडे तोंड करून रडतो. मग त्याला पंधरा वर्षे मिळतात. त्या पंधरा वर्षांत त्याने काय केले? बाबेलहून वकील आले तेव्हा त्यांना आपला सगळा खजिना मोठ्या हौसेने दाखवला. आणि यामुळे पुढे आपल्या वंशजांवर संकट येणार असे ऐकले तेव्हा आपल्या हयातीत तरी शांती आहे ना, एवढ्यावर समाधान मानले. नेमका आकडा मिळाला म्हणून माणूस शहाणा होतोच असे नाही. परंतु ती पहिली खरी बातमी त्याला दिली नसती तर तो रडलाही नसता आणि त्याने प्रार्थनाही केली नसती, हेही तितकेच खरे.

आपल्याकडे रीत उलटी आहे. डॉक्टर थोरल्या मुलाला व्हरांड्यात बोलावतात. तेथे काय बोलणे झाले ते मुलगा काकांना सांगतो, काका पाळकसाहेबांना. आठवड्याभरात ते सगळ्या मंडळीला कळते. ज्याचे हृदय आहे त्याला मात्र सांगितले जाते की थोडा अशक्तपणा आहे, टॉनिक चालू आहे. यामागे माया आहे, हे आम्ही नाकारीत नाही. मोठा धक्का नको, मन खचेल, असे लोक म्हणतात. परंतु पाहा, काय काय घडते ते. त्याला कारण ठाऊक नसते म्हणून तो मीठ सोडीत नाही. जिने चढतो. भाऊबीजेला बहिणीशी जुने भांडण मिटवायचे असते ते पुढल्या वर्षावर टाकतो. बँकेच्या खात्यावर बायकोचे नाव लावायचे राहते, आणि नंतर ती विधवा दोन वर्षे कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवते. त्याच्या भोवती सगळे हळू बोलतात, तो आत आला की विषय बदलतात, आणि त्याला हे कळत नाही असे समजतात. माणसाला आपल्या मरणाविषयी एकट्यानेच तर्क करीत पडायला लावणे यात दया कोठे आहे, हे आम्हांला अजून उमगलेले नाही.

म्हणून आमचे मत असे की हिशेबाचा पहिला हक्क रोग्याचा. घरच्यांना काही सांगायचे ते त्याच्या संमतीने सांगावे. याचा अर्थ इकोचा कागद त्याच्या तोंडावर फेकावा असा नव्हे. कित्येकांना सगळे जाणून घ्यायचे असते. कित्येकांना फक्त पुढच्या सहा महिन्यांत काय करावे एवढेच हवे असते. आणि काही म्हणतात, मला सांगू नका, थोरल्याला सांगा. तेही त्याचे म्हणणे आहे. त्यालाही मान द्यावा. विचारण्याचा हक्क ज्याचा, न विचारण्याचाही त्याचाच. आधी त्याला विचारावे, तुम्हांला कितपत ऐकायचे आहे, आणि तेवढेच सांगावे, पण खरे सांगावे. खोट्या धीरापेक्षा ‘नक्की कोणालाच सांगता येत नाही, परंतु अशा दुखण्याचे पुष्कळ लोक वर्षानुवर्षे जगतात आणि काही जगत नाहीत’ हे वाक्य आम्हांला जास्त आधाराचे वाटते. त्यात लबाडी नाही आणि शिक्षाही नाही.

मंडळीचा एक दोष येथे सांगतो, कारण तो मायेच्या वेषात येतो. हृदयाच्या स्नायूचा विकार आहे असे कळले की शब्बाथ शाळेचा वर्ग त्या शिक्षकाकडून काढला जातो, गायनमंडळातून नाव कमी होते, पंचकमिटीच्या सभेचे बोलावणे येत नाही. सगळे म्हणतात, त्यांना त्रास नको. आमच्या माहितीतील एका बाईंना असाच त्रास वाचवण्यात आला. डॉक्टरांनी त्यांना वर्ग घेण्यास मुळीच मनाई केली नव्हती. जड ओझी उचलू नका, जास्त पाणी पिऊ नका, एवढेच सांगितले होते. रविवारी सकाळी मुले देवळाच्या मागच्या बाजूस दुसऱ्या बाईंजवळ बसत आणि या घरी ओसरीवर बसून त्यांचे गाणे ऐकत. त्यानंतर आठ वर्षे त्या जगल्या. आठ वर्षे म्हणजे मुलांच्या दोन पिढ्या. वर्ग कोणी परत दिला नाही आणि त्यांनी मागितला नाही.

वंशपरंपरेचा भाग सर्वांत नाजूक आहे. जाड भिंतीचा रोग पुष्कळदा घराण्यातून उतरतो, आणि मूळ दोष असलेल्या आईच्या किंवा बापाच्या प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. त्याचा पहिला जीन १९९० साली अमेरिकेत सापडला. आपल्या लोकांविषयीची मोठी माहिती हैदराबादेतून आली. तेथील सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी या संस्थेतील शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवले की हृदयाच्या स्नायूतील एका प्रथिनाच्या जीनमधील २५ अक्षरांचा एक तुकडा सुमारे शंभरांतील चार भारतीयांमध्ये गळालेला असतो, आणि हृदयाच्या स्नायूचे विकार झालेल्यांत तो दोष जास्त आढळतो. बातमी छापून आली तेव्हा पुष्कळ लोक घाबरले. पुढच्या अभ्यासांतून कळले की हा दोष असलेले पुष्कळ जण जन्मभर निरोगी राहतात आणि एकट्या त्या दोषाचा जोर प्रथम वाटला तितका नसावा. शंभरांतील चार म्हणजे साधारण मोठ्या देवळात रविवारी बसलेल्यांपैकी आठ-दहा जण. ते कोण, हे पाहून ओळखता येत नाही, आणि ओळखण्याचा प्रयत्नही करू नये.

परंतु घरात एकाला रोग ठरला तर त्याच्या भावाबहिणींनी आणि मुलांनी इसीजी आणि इको काढून घ्यावा असे डॉक्टर सांगतात, आणि येथे लपवालपवी सुरू होते. मुलीचे स्थळ ठरायचे आहे, बोभाटा नको. थोरल्या भावाला यंत्र बसवले तरी धाकट्याला कळवत नाहीत, आणि धाकटा इकडे फुटबॉल खेळतो. आम्हांला हे समजते; विवाह जुळवताना आपल्या लहानशा समाजात, जेथे इंदूरची मुलगी वडोदऱ्याला आणि हैदराबादची ग्वाल्हेरला दिली जाते आणि प्रत्येक घर प्रत्येकाला ठाऊक असते, तेथे एका शब्दाने दहा स्थळे मोडतात. तरीसुद्धा भावाला न सांगणे हे आमच्या मते कोणत्याही हिशेबाने योग्य ठरत नाही. ते ज्ञान त्याचा जीव वाचवू शकते. आणि ते त्याच्या रक्ताविषयी आहे, आपल्या मालकीचे नव्हे. स्थळाच्या मंडळींनाही साखरपुड्यापूर्वी सांगावे, आणि जेवढे आहे तेवढे सगळे सांगावे: रोग आहे की केवळ तपासणीत दोष आढळला, डॉक्टरांनी पुढचे काय सांगितले. अर्धे सांगणे हे लपवण्याइतकेच वाईट. मात्र ऐकणाऱ्यावरही तितकेच कर्तव्य येते. नको असेल तर नकार द्यावा, पण कारण चार गावांत वाटू नये. एखाद्याने खरे सांगितले याची शिक्षा त्याच्या सगळ्या बहिणींना मिळाली तर पुढचा माणूस खोटेच बोलणार, आणि ते खोटे आपण शिकवलेले असेल.

याच ठिकाणी कोणीतरी वडिलांच्या पापाचा विषय काढते. आंबट द्राक्षांची म्हण यहेज्केलाच्या काळीही लोकांच्या तोंडी होती, आणि अठराव्या अध्यायात देवाने ती बंद करायला सांगितली आहे. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी हाच प्रश्न प्रभूला विचारला, तेव्हा त्याने दोन्ही उत्तरे नाकारली. आता तर हेही कळले आहे की वारशाने येते ते एका प्रथिनाच्या लिखाणातली चूक असते. तीत कोणाचा राग नाही आणि कोणाचा गुन्हाही नाही. मुलांना हा अध्याय शिकवताना शिक्षकांनी घराण्यातून येणाऱ्या रोगाचे उदाहरण द्यायला हरकत नाही. वर्गात बसलेल्या एखाद्या मुलाला त्याची गरज असते.

बाळंतपणाच्या वेळी होणाऱ्या प्रकाराविषयी दोन शब्द लिहिले नाहीत तर हे लिखाण अपुरे राहील, कारण त्याचा भार सुनांवर पडतो. पूर्वी पूर्ण धडधाकट असलेल्या स्त्रीला गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यात किंवा बाळंतपणानंतर पाच महिन्यांच्या आत हा विकार होऊ शकतो. आडवे झाले की दम लागतो, पाय सुजतात. आणि घरात म्हणतात, बाळंतिणीला अशक्तपणा असायचाच. दाखवायला उशीर होतो. निदान झाले की दुसरा सूर: आजारी मुलगी आमच्या गळ्यात मारली. हे खोटे आहे. रोग तेव्हाच झालेला असतो. दाखल होऊन नीट उपचार झाले तर यांतील जवळजवळ निम्म्या स्त्रियांचे हृदय पुढील काही महिन्यांत पूर्ववत होते. ही आशेची बाजू. पण पुढच्या गरोदरपणात रोग परतण्याचे भय असते, आणि हृदय पूर्ववत झाले नसेल तर ते भय फार मोठे असते. म्हणून दुसऱ्या मुलाचा विचार हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्यावाचून करू नये. एक मुलगी झाली, आता मुलगा हवा, असा आग्रह अशा सुनेला धरणारी सासू मंडळीत प्रार्थनेचे पुढारीपण करीत असेल तर पाळकांनी तिच्याशी एकांतात बोलावे. आणि नवऱ्याने आधी बोलावे.

शेवटी तो प्रश्न उरतो. आपण आजाऱ्याच्या भेटीस जातो, घरचे लोक चहा करायला आत जातात आणि तो हात धरून विचारतो: तुम्ही तरी खरे सांगा, माझे किती दिवस? या वेळी आकडा सांगणे आपले काम नव्हे, कारण तो आपल्याला ठाऊक नाही. आणि ‘असे बोलू नये, सगळे ठीक होईल’ असे म्हणून त्याचे तोंड बंद करणेही आपले काम नव्हे. त्याला विचारावे, डॉक्टरांना हे विचारले काय? विचारावेसे वाटते काय? वाटत असेल तर पुढच्या तपासणीला आपण बरोबर जावे. एक वही न्यावी आणि प्रश्न आदल्या दिवशी त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावेत: माझे दुखणे कोणत्या प्रकारचे आहे, ते घराण्यातून आलेले आहे काय, छातीतल्या यंत्राची मला गरज आहे काय, कोणती औषधे कधीच बंद करायची नाहीत, मला कोणते काम करता येईल, आणि अंदाज सांगायचा झाला तर तो कोणत्या रोग्यांवरून काढलेला आहे. डॉक्टर घाईत असतात. तरी वहीत लिहिलेले प्रश्न समोर ठेवले तर बहुतेक डॉक्टर खुर्ची पुढे ओढून उत्तरे देतात. ती उत्तरे त्याने ऐकावीत आणि आपण लिहून घ्यावीत. घरी परतल्यावर वही त्याच्या उशाशी ठेवावी. थोरल्या मुलाच्या खिशात नव्हे.